मुरमावरची काळी माती

घर बांधायला जागा बघताना माणसं रस्ता बघतात, विहीर बघतात, शेजार बघतात. आमच्या घरी माती बघितली. चिमटीत घेऊन, चुरडून, वास घेऊन बघितली. जणू तिथं राहायचं नव्हतं, कापूसच पेरायचा होता. तेव्हा मला इतका राग आला होता की मी दोन्ही वेळा जेवले नाही, आणि कोणी जेव म्हणायलाही आलं नाही. माझा राग घरात सगळ्यांच्या सवयीचा होता.

साठ सालानंतरची ही गोष्ट. मी यवतमाळात मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि राहत होते घाटंजीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात, सासरी. आमचे हे यवतमाळातच एका मोटार गॅरेजात कामाला. ते सायकलनं जात. पोचायला उशीर झाला तरी गॅरेजवाले मिस्त्रीचाचा म्हणत, "आव बेटा, पहले चाय पी." माझ्या शाळेत चहा नव्हता, घंटा होती. आणि माझी एस.टी. घाटंजीहूनच भरून यायची. बाजाराच्या दिवशी तर गाडी थांबायचीच नाही, कंडक्टर नुसता हात हलवून पुढे निघून जायचा. मी रस्त्यावर उभी राहून त्याला जे म्हणत असे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी मोठ्या बाईंनी मला एक दिवस बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या, पण शब्दाच्या पक्क्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही चांगलं शिकवता. पण तुमच्या वर्गातल्या मुली रोज व्हरांड्यात उभ्या असतात. दिवाळीपर्यंत यवतमाळात राहायला या. नाहीतर वरून तुमची बदली होईल, आणि मी ती थांबवू शकणार नाही." बदली म्हणजे कुठे, तेही त्यांनी सांगितलं. वणीच्याही पलीकडे, मुकुटबनला. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. तिला घेऊन मी तिकडे एकटी कशी राहणार? बदली झाली तर नोकरी सोडायची, दुसरं काही नव्हतं. आणि आमच्या वस्तीतून शिकून मास्तरीण झालेली मी पहिलीच होते. मी घरी बसले असते तर माझ्यामागून येणाऱ्या पोरींच्या बापांना आयतंच निमित्त मिळालं असतं.

आधी आम्ही भाड्याची खोली शोधली. एक खोली जिनिंगजवळ मिळत होती, गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर. हे खूश. मी म्हटलं, आता उन्हाळा आहे म्हणून रस्ता मोकळा दिसतो, हंगामात इथे कापसाच्या बंड्यांची रांग लागते, बैल, धुराळा आणि बाजेवर पसरल्यासारखे रस्त्यात पसरलेले गाडीवान, त्यातून मी शाळेत कशी जाऊ? यांना ते पटलं. दुसरी खोली चांगली होती, अंगणात तुळस, दारासमोर दिवा. घरमालकीण गोड बोलली. मग तिनं आडनाव विचारलं. मग आणखी काही विचारलं. मी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आम्ही कोणी हे खाली मान घालून सांगत नाही. ती म्हणाली, "अगं बाई, खोली तर कालच दिली." मग आज आम्हाला ती खोली कशाला दाखवली, असं मी विचारलं. यांनी माझा हात धरून मला बाहेर आणलं, नाहीतर मी आणखी बरंच विचारणार होते.

मिस्त्रीचाचांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "किराये का छोडो. प्लॉट लो. मैं भी ले रहा हूँ." गावाबाहेर एका शेतवाल्यानं लेआउट पाडलं होतं. त्याचे दोन तुकडे होते. एक शाळेच्या बाजूला, पक्क्या रस्त्याला लागून, मुरमाड. चाचा त्यातच प्लॉट घेत होते. दुसरा नाल्याच्या पलीकडे, काळ्या जमिनीचा, मोठा. दोन्हीकडे प्लॉटची किंमत सारखीच, पण मुरमावरचा प्लॉट लहान होता. पक्क्या रस्त्याचे पैसे, दुसरं काय.

एका रविवारी आम्ही सगळे बघायला गेलो. मी, हे, कडेवर मुलगी, आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. आत्याबाईंनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदण केलं होतं, कापूस वेचला होता. स्वतःच्या नावावर वीतभर जागा कधी नव्हती. मुरमाच्या प्लॉटवर त्यांनी नुसता पाय आपटला आणि पुढे चालू लागल्या. नाला कोरडाच होता. पलीकडच्या काळ्या जमिनीत त्या वाकल्या, ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला. मग माझ्या नवऱ्यानंही घेतला. मोटारीचं ग्रीस नखात असलेला माणूस, पण मायलेक दोघं त्या मातीकडे असे बघत होते की जणू पीक उभंच आहे.

"हे घेऊ," आत्याबाई म्हणाल्या. "सोन्यावानी माती आहे."

"आत्याबाई, घर बांधायचं आहे. काळ्या मातीत भिंती फुटतात, हे तुम्हाला मी सांगू?"

"मले मालूम आहे," त्या म्हणाल्या. "गाव पांढरीवर बसते अन् शेत काळीत असते. पण आजलोक माया हाताखाली जे काळी गेली ते सारी दुसऱ्याची. एकडाव माही राहू दे न."

चाचांनी समजावून पाहिलं. "माँजी, जमीन मत देखो, रस्ता देखो. बहू को रोज जाना है." आत्याबाईंनी हातातल्या चांदीच्या पाटल्या मोडल्या आणि त्याच आठवड्यात काळ्या प्लॉटचा इसार देऊन टाकला. पाटल्या त्यांच्या, मी काय बोलणार? पण न बोलता राहणं माझ्या स्वभावात नाही. मी घरभर भांडी आपटत फिरले. हे म्हणाले, "अवं, पाया खोल घेऊ, मुरूम टाकू." मी म्हटलं, मुरूमच टाकायचा तर मुरमावरच का नाही घ्यायचं? ते सायकल पुसायला बाहेर गेले.

शाळा उघडली. आषाढात झड लागली आणि दोन-तीन दिवस थांबलीच नाही. चौथ्या दिवशी उघडीप मिळाली तेव्हा मी म्हटलं, "चला आत्याबाई. आज प्लॉटवरून शाळेत चालत जाऊन पाहू." त्याही हट्टाच्या. म्हणाल्या, "चाल. मी याच्याहून दूर निंदायले जात व्हती, पोराले पाठीशी बांधून." मुलीला जाऊबाईंजवळ ठेवलं. पहिली एस.टी. नशिबानं थांबली. नाक्यावर उतरून आम्ही आधी प्लॉटवर गेलो आणि तिथून शाळेकडे निघालो.

माती काय असते ते त्या दिवशी कळलं. प्रत्येक पावलाला चपलेखाली आणखी एक थर चढायचा. आत्याबाई अनवाणी, पुढे पुढे. मी मागून लुगड्याचा काठ धरून. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. आत्याबाईंनी हात दिला, मी पार झाले, पण एका चपलेचा अंगठा तुटला आणि ती गेली वाहून. वर चढताना काठाच्या काळ्या गाळात पुन्हा पोटऱ्यांपर्यंत रुतले. मी तोंडानं जे जे आलं ते बोलत होते आणि आत्याबाई म्हणत होत्या, "बोलू नोको, दम जाते." त्यांनी खरंच मला ओढत नेलं. त्यांच्याइतक्या झपाट्यानं दुसरं कोणी चाललं नसतं. तरी फाटकाशी पोचलो तेव्हा घंटा होऊन गेली होती.

माझ्या वर्गातल्या मुली व्हरांड्यात रांगेनं उभ्या होत्या. मोठ्या बाई त्यांच्यापुढे. मी एका पायात चप्पल, एक पाय उघडा, पोटऱ्यांपर्यंत काळी. एक मुलगी हसली, मग सगळ्याच हसल्या. मोठ्या बाईंनी त्यांना गप्प केलं आणि मला हळूच म्हणाल्या, "पाय धुऊन या." बस, इतकंच. मी हौदावर पाय धुतले. मागे वळून पाहिलं तर आत्याबाई फाटकाला धरून उभ्या होत्या. मग नव्हत्या.

संध्याकाळी घरी आले तर त्या चुलीपुढे बसलेल्या. मी भांडणाच्या तयारीतच होते, दिवसभर वाक्यं जुळवली होती. त्या म्हणाल्या, "मातीले नाव नोको ठेवू. माती चांगलीच आहे. पण पोरी तुह्या पायाले हासल्या. माया पायाले जन्मात कोणी हासलं नाही, तिथं सगळ्याईचेच पाय तसे व्हते. तुह्ये पाय सुके पाह्यजे. तू मास्तरीण आहे." मग त्यांनी भाकर तव्यावर टाकली. माझी सगळी वाक्यं तशीच राहिली. मला रडू आलं आणि मी ते धुरावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी त्या मिस्त्रीचाचांना घेऊन स्वतः लेआउटवाल्याकडे गेल्या आणि काळ्या प्लॉटचा इसार मुरमाच्या प्लॉटवर बदलून आल्या. आम्हा दोघांना विचारलंसुद्धा नाही. पाऊस ओसरला तसा चाचांनी गवंडी मिळवून दिला, आणि दिवाळीपर्यंत एक खोली उभी राहिली, वर टिनाचं छप्पर. शाळेची घंटा घरात ऐकू यायची. पहिली घंटा झाली की मी वेणी घालायला घ्यायची, आणि दुसऱ्या घंटेला वर्गात. मुकुटबनचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

राहायला गेलो त्या सकाळी आत्याबाई पाण्याचा पितळी गुंड घेऊन लेआउटच्या विहिरीवर गेल्या आणि थोड्या दूर उभ्या राहिल्या. जन्माची सवय, कोणी वरून पाणी ओतून देईल म्हणून थांबायची. मिस्त्रीचाचांची बायको पाणी शेंदत होती. ती म्हणाली, "बुढिया, वहाँ क्या खडी है? दोर पकड. मैं क्या तेरी नौकर हूँ?" आत्याबाई पुढे गेल्या आणि त्यांनी दोर धरला. घरी येऊन मला सांगताना म्हणाल्या, "लय तोंडाळ बाई आहे." आणि हसल्या. त्यानंतर दोघी रोज एकाच वेळी पाण्याला जात. शेजार कसा आहे, ते मला आणखी कोणाला विचारावं लागलं नाही.

एवढं सगळं मिळालं, पण मला चैन नव्हतं. आत्याबाई मागच्या अंगणात बसत आणि मुरमाचे खडे एकीकडून दुसरीकडे टाकत. उन्हाळ्यात एक दिवस मी नाल्यापलीकडून बंडीभर काळी माती आणवली. गाडीवान म्हणाला, "बाई, मुरमावर काळी माती? कायले?" मी म्हटलं, तुला बंडी खाली करायला सांगितली, तेवढी कर. मागच्या भिंतीपासून दूर, कुंपणाच्या कडेनं ती माती पसरून घेतली. आत्याबाई बाहेर आल्या, पाहिलं, वाकल्या आणि चिमटीत घेऊन वास घेतला. "थेच आहे," म्हणाल्या. मी आत वळले. मला शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या, म्हणजे मी तसं दाखवलं.

त्या वर्षी त्यांनी तिथे सरकी लावली. एकच ओळ. निंदलं, खुरपलं, माझ्या मुलीला बोट धरून त्या ओळीतून फिरवलं. दिवाळीनंतर बोंडं फुटली आणि कुंपण पांढरं झालं. रोज वाटायचं, आज वेचतील. त्या वेचत नव्हत्या. नुसत्या बाजेवर बसून बघत. ज्या बाईच्या हातून उभ्या शेतात एक बोंड मागे राहत नसे, ती स्वतःचा कापूस झाडावर लोंबू देत होती. मला राहवेना. एका सकाळी शाळेत निघताना मी विचारलं, "आत्याबाई, वेचत का नाही? वाऱ्यानं गळून जाईल."

"वेचीन न," त्या म्हणाल्या. "कोणाच्या काट्यावर वजनाले नेऊन टाकाचा आहे? मले काही घाई नाही." शाळेकडून घंटा ऐकू आली. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, कोऱ्या चपलांकडे.

"घाई तुले आहे," म्हणाल्या. "जा."