पडलेल्याला हात देणारा बॉक्सर

रोहिदास वर्ल्ड चॅम्पियन झाला नसता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फीडवर "भावी विश्वविजेता हरपला" असे बॅनर फिरतायत. त्यातले काही अशा लोकांनी टाकलेत, ज्यांनी त्याची एकही फाइट पाहिलेली नाही.

मी त्याचा कोच होतो. दिवसा हिंजवडीत नोकरी आणि संध्याकाळी भूगावात एका बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये जिम, असं माझं चालतं. म्हणून त्याच्याबद्दल जरा नीट लिहितो. खोटं कौतुक त्याला झेपायचं नाही. कुणी सुरू केलं की मान खाली घालून हाताच्या पट्ट्या सोडत बसायचा.

आधी चांगलं.

डाव्या हाताचा ठोसा, म्हणजे जॅब, झकास. सरळ, आणि कधी सुटला ते कळायचं नाही.

पोरगं उरवड्याचं, वडील अण्णा जुने पैलवान, त्यामुळे पाय लहानपणीच तालमीत घट्ट झालेले. रिंगमध्ये त्याला मागे रेटणं अवघड. आणि जवळ शिरून बरगडीखाली जो ठोसा द्यायचा, तो पॅडवर घेऊनसुद्धा मी घरी खांदा शेकत बसायचो.

आता उणं.

उजवा मारला की हात परत यायला उशीर, तोवर हनुवटी उघडी. मागे सरकताना पायात पाय. शेवटच्या राउंडला तोंडाने श्वास.

हे सगळं मेहनतीने सुधारलं असतं. एकच गोष्ट सुधरत नव्हती.

जत्रेतल्या कुस्तीत समोरच्याची पाठ मातीला लागली की विषय संपला. जिंकणारा स्वतः हात देऊन त्याला उठवतो, मिठी मारतो. रोहिदास कळायला लागल्यापासून हेच करत आला होता.

बॉक्सिंगमध्ये तसं नाही. समोरचा पडला की मुकाट लांबच्या कोपऱ्यात जायचं. तुम्ही तिथे पोचेपर्यंत रेफरी आकडे मोजत नाही. दहाच्या आत तो उठला की परत मारायचं.

पुण्यातल्या एका फाइटला दुसऱ्याच राउंडमध्ये याने बरगडीखाली एक दिला आणि समोरचा गुडघ्यावर बसला.

आणि हा वाकून त्याला हात देतोय!

रेफरी ओरडतोय, मी ओरडतोय. हा कोपऱ्यात जाईपर्यंत त्या पोराने पोटभर श्वास घेतला. उठला, सावरला आणि पॉइंट्सवर जिंकला.

दुबईच्या शोसाठी बॉक्सर शोधणारा एक प्रमोटर नेमका त्याच दिवशी रोहिदासला बघायला आला होता. जाताना मला म्हणाला, "लड़का अच्छा है. गिरे हुए को उठाना बंद करवाओ. दिवाली के बाद फिर देखूँगा."

रोहिदासला दुबईला जायचंच होतं. जमीन विकून गाडी उडवणाऱ्या मित्रांत त्याला बसायचं नव्हतं. स्वतःच्या हाताने काहीतरी मिळवायचं होतं.

मग मी एक ड्रिल काढलं. स्पारिंग करता करता मी मुद्दाम पडायचं, त्याने कोपऱ्यात जायचं, मी उठलो की येऊन मारायचं.

चाळिशीचा, पोट सुटलेला मी रोज मॅटवर धपाधप पडतोय. आणि हा रोज हात पुढे करतोय.

"अरे उचलू नकोस मला!"

"सर, हात आपसूक जातोय वो."

एकदा अण्णा बघायला आले. खुर्चीवर बसून सगळं पाहिलं आणि म्हणाले, "सर, तुमी शिकल्यालं मानूस. पडल्यालं मानूस आत्ता कुटं उठतंय, त्याला परत हानायचं, ह्यो कसला खेळ म्हनायचा?"

"अण्णा, त्याला दुबईला जायचंय."

"जाऊ द्या की. पन हे न्हाई जमायचं त्याला. माझाच हाय त्यो."

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. मला बापलेक दोघांचाही राग आला.

दिवाळी तोंडावर आली तेव्हाची संध्याकाळ. मी पडलो. रोहिदासचा हात थोडा पुढे आला, थांबला. तो कोपऱ्यात गेला, दोरीला पाठ लावून उभा राहिला.

मी उठलो. तो आला. जॅब, आणि मागून उजवा.

माझं नाक मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. हेडगार्ड घालायचा मी कायम कंटाळा करायचो.

मी मॅटवर बसून रक्त पुसत हसतोय आणि हा घोडा रडतोय.

"सर, चुकलं. लई जोरात बसला का वो?"

"गाढवा, हेच तर पाहिजे होतं!"

दवाखान्यात जाईपर्यंत बाइकवर सॉरी सॉरी चालूच. परत येताना मला घरी सोडलं आणि म्हणाला, "सर, आता जमंल."

त्याच आठवड्यात जिमला येताना पिरंगुटच्या घाटात डंपरने त्याला उडवलं.

दिवाळीनंतर प्रमोटरचा खरंच फोन आला. त्याला काही माहीत नव्हतं.

"लड़का सुधरा क्या?"

मी म्हटलं, "हाँ. सुधर गया था."

बाकीचं सांगायला फोन बायकोच्या हातात दिला.

नाक अजून डावीकडे वाकडं आहे. डॉक्टर म्हणतात, छोटं ऑपरेशन आहे, सरळ होईल. बायको तर रोज म्हणते.

मी नाही करून घेत.

रोहिदास, तुझं काही चुकलं नव्हतं. ठोसा बरोबर बसला होता.

माझी श्रद्धांजली एवढीच, पोरा.