गॅसच्या रांगेत आमटी

आमच्या छोट्या टेम्पोला दोन पोटं आहेत, एक गॅसचं आणि एक पेट्रोलचं. स्टेअरिंगजवळ एक बटण आहे. ते दाबलं की गाडी गॅस सोडून पेट्रोलवर चालायला लागते. पण यांचा नियम असा, की त्या बटणाला हात लावायचा नाही. पेट्रोल महाग, ते फक्त अडचणीला. गाडी घेतल्यापासून यांना एकही अडचण पुरेशी मोठी वाटलेली नाही.

जाऊबाई आणि मी जेवणाच्या ऑर्डरी घेतो. स्वयंपाक दोघींचा, गिऱ्हाइकाशी बोलणं जाऊबाईंचं, गाडी यांची. मध्ये यांची कंबर धरली आणि हे म्हणाले, आता ड्रायव्हर ठेवू.

मी म्हणाले, "माझ्याकडे लायसन आहे."

"लायसन आहे गं, पण आवाज आहे का? रस्त्यावर कुणाला तरी बाजूला हो म्हणावं लागतं."

शेवटी ठरलं, कोथरूडची साखरपुड्याची ऑर्डर मी न्यायची. वेळेवर पोचली तर गाडी माझ्याकडे, नाहीतर सोमवारपासून ड्रायव्हर. मला गाडी चालवायला फार आवडतं. काच वर केली की कुणी बोलायला येत नाही.

कात्रजहून निघालो तेव्हा गॅसचा दिवा लाल झाला होता. नियमाप्रमाणे पंपाच्या रांगेत शिरले. पुढे रिक्षा, मागे रिक्षा, एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला दुसरी रांग. तेवढ्यात पंपावरचा माणूस ओरडला, "प्रेशर नाही! थांबा सगळे!" रिक्षावाल्यांना याची सवय. कुणी पेपर उघडला, कुणी डोळे मिटले.

जाऊबाई मागे हौद्यात पातेली धरून बसल्या होत्या. तिथून त्यांचा आवाज आला, "अगं, पंगत बाराची आहे. आमटी काय संध्याकाळी वाढायची?"

"येईल प्रेशर."

"माझं आलंय. दाब ते बटण आणि चल!"

"हे रागावतील."

"कंबर धरलेला माणूस तुझ्यामागे किती लांब धावणार आहे?"

हे मला पटलं. बटण दाबलं. पण निघायचं कुठून? मागच्या रिक्षा मागे सरकल्याशिवाय टेम्पो हलणार नव्हता.

"तुम्ही सांगता का त्यांना?" मी जाऊबाईंना विचारलं.

"मी पातेलं सोडलं तर आमटी रस्त्यावर. ड्रायव्हर तू आहेस."

उतरले. मागचे रिक्षावाले काका पेपर वाचत होते. मी म्हणाले, "जरा मागे घेता का?" त्यांना ऐकू गेलं नाही. परत म्हणाले.

त्यांनी पेपर खाली केला. "ताई, माझ्याशी बोलताय की माझ्या टायरशी?"

मग काय झालं कळलं नाही. मी मोठ्यांदा ओरडले, "अहो, साखरपुड्याचं जेवण आहे! आमटी थंड होतेय!"

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. वाटलं, टेम्पोखाली जाऊन बसावं. पण काका पेपर घडी घालून उठलेच. "मग हे आधी नाही का सांगायचं?" त्यांनी मागच्या रिक्षेवर दोन थापा मारल्या. "मागे घे रे, आमटी आहे!" त्याने त्याच्या मागच्याला सांगितलं. थापा आणि आमटी अशी शेवटपर्यंत गेली. सगळ्यांनी उतरून हातानेच रिक्षा मागे ओढल्या.

एकाने विचारलं, "कटाची का?"

"चिंचगुळाची," मी म्हणाले, आणि माझं मलाच नवल वाटलं.

काकांनी "येऊ द्या, येऊ द्या, बास!" करत मला बाहेर काढलं. बाराच्या आत पोचलो. झाकण काढलं तर आमटीतून वाफ आली.

घरी आल्यावर यांनी आधी पेट्रोलचा काटा बघितला. "हे काय?"

"लागलं," मी म्हणाले.

मागून जाऊबाई म्हणाल्या, "आणि भावजी, रिक्षावाल्यांवर ओरडली ही! अख्खी रांग हलवली."

"कोण? ही?" हे माझ्याकडे बघत राहिले. मग फोन काढला आणि ड्रायव्हरला सांगितलं, सोमवारी येऊ नका. फोन ठेवून म्हणाले, "जरा ओरडून दाखव की."

मी तोंड उघडलं. काही म्हणजे काही आवाज आला नाही.