डाव्या पायाचे उपचार

आमचे हे तोफखान्यात. बर्फातल्या ठाण्यावरून देवळाली कॅम्पच्या क्वार्टरमध्ये परतले ते उजव्या पायाची दोन बोटं काळी करून. हिमदंश. डॉक्टरांनी मला बजावलं, शेकायचं नाही, चोळायचं नाही, मनानं काही लावायचं नाही. बोटं बधिर आहेत, भाजलं तरी कळणार नाही. काही आठवडे वाट पाहू, मग ठेवायची की कापायची ते ठरवू.

दुसऱ्याच दिवशी वणीहून सासूबाई हजर. पिशवीत बिबे, कांदे, मोहरीचं तेल आणि चक्क एक वीट. त्यांची द्राक्षबाग. कडाका पडला की बागेत शेकोट्या पेटवायच्या, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. "घड वाचतो, मंग बोट नाय वाचणार?" म्हणत त्यांनी वीट गॅसवर ठेवलीसुद्धा.

मी गॅस बंद करायची, त्या पेटवायच्या. आणि आमचे हे! सीमेवर वाघ, आईपुढे शेळी. पाय पुढे करून मोकळे. माझं डोकंच फिरलं. शेवटी मी म्हटलं, आई, सगळं करा, पण डाव्या पायाला. शिरा आतून एकच, गुण तिकडे पोचतो. शुद्ध थाप. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान डोलावली.

मग त्या धडधाकट पायाचे काय हाल झाले म्हणता! कांद्याचं पोटीस, तेलाची मालिश, विटेचा शेक. हे बोंबलले की सासूबाई खूश. बिबा मात्र उतला आणि पाय टम्म फुगला. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी आधी डाव्याचीच चौकशी केली. आम्ही तिघं छताकडे पाहत बसलो.

मग त्यांनी उजव्याची पट्टी सोडली. करंगळीचं टोक जाणार होतं. शेजारचं बोट मात्र काळ्या सालीखाली गुलाबी निघालं. सुई टोचली तसे हे कळवळले. नवऱ्याला दुखलं म्हणून मी पहिल्यांदाच आनंदानं रडले.

बाहेर येऊन सासूबाई बाकावर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, मी उजव्यालाच शेकलं असतं तर?"

मी म्हटलं, "आई, डाव्याचाच गुण लागला हो उजव्याला."

"थापा नको मारू. तवाबी कळली व्हती मला तुझी थाप," त्या म्हणाल्या. "पन नुसतं बसून बघवत नव्हतं गं."