जिमखाना फी

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. विद्यापीठाच्या जिमखान्यात आम्ही टेबल टेनिस खेळत होतो, तेव्हा सोयगावकडची ही बाई लेकीला घेऊन आत आली. नुकतीच लेकीची फी भरली होती. त्यात जिमखान्याचेही पैसे सक्तीनं घेतले होते, म्हणून ती जिमखाना बघायला आली होती. तिनं टेबल दाबून पाहिलं, जाळी ओढून पाहिली आणि ती पदर खोचून बॅट घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पहिलाच चेंडू छताला लागला. ती खळखळून हसली.

"आई, चल ना. लोक बघायलेत," लेक कुजबुजली. "मला अभ्यास करायचाय."

"अभ्यासाची फी येगळी भरली," म्हणत तिनं बॅट लेकीच्या हातात दिली. "ही खेळायची हाय. गावात तुला कुणी खेळू दिलं नाय. इथं सक्तीच हाय."