दुर्बिणीवरचा माणूस

किश्तवाडच्या वर आमची पोस्ट होती. अग्निवीर म्हणून माझं ते तिसरं वर्ष. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज, मग चहा, मग गस्त. समोरच्या कड्यावर थार चरायचे. थार म्हणजे मानेवर आयाळ असलेला रानबोकड. आम्ही नुसतं बघायचो. आपल्याकडे त्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

हवालदार इंगवले आमचे स्नायपर. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. स्नायपरशेजारी दुर्बिणीवर एक माणूस लागतो. तो वारा आणि अंतर सांगतो. उस्तादांनी आमच्या पोस्टवरच्या किसन मोरेला घेतलं. फायरिंगमध्ये मी त्याच्या पुढे होतो. मला ते सहन झालं नाही.

एका सकाळी कड्याखाली अतिरेक्यांशी कॉन्टॅक्ट झाला, गोळीबार सुरू झाला. मी त्या दोघांच्या मागेच रेडिओ सेट घेऊन पडलो होतो.

"किसन, वर हो. डावीकडचा दगड बघ."

"जी, उस्ताद."

तो वर झाला. गोळी त्याला लागली.

मी सेटवर म्हणालो, "वन कॅज्युअल्टी, ओव्हर."

"कंडिशन?"

मी उस्तादांकडे बघितलं. त्यांनी 'गेला' अशी मान हलवली.

चार वर्षं भरली, मला घरी पाठवलं. गावात काम नव्हतं. उस्ताद रिटायर होऊन बहरीनला आले होते. त्यांनीच माझा व्हिसा लावला. बुसैतीनच्या एका गोदामावर आम्ही दोघं सिक्युरिटीत आहोत.

यंदा उस्तादांनी न्यूझीलंडला थारच्या शिकारीचं काढलं. तिथे हा प्राणी बाहेरून नेलेला. डोंगर खाऊन टाकतो, म्हणून सरकारच मारायला सांगतं. परमिट फुकट. शिकार हा शेठलोकांचाच खेळ, हे मला मान्य नाही. उम्म अल हस्समच्या आमच्या खोलीत दर शुक्रवारी बसून मी ते खोडून काढलं. हेलिकॉप्टर खलास, चालत जायचं. गाईड मफी, म्हणजे इकडच्या बोलीत नाहीच, नकाशा आम्हाला वाचता येतो. तंबू आपला, रायफल उस्तादांच्या तिथल्या मित्राची, लायसन्स तिथल्या पोलिसांचं. मांस पाठीवर खाली आणायचं. नुसत्या शिंगांसाठी जनावर मारणाऱ्याला मी शिकारी मानत नाही.

सगळी आखणी माझी. जायचं दोघांनीच होतं. तिकिटं काढायच्या वेळी उस्ताद म्हणाले, "दुर्बिणीवर जोगळेकर."

जोगळेकर खालच्या मजल्यावर राहतात. पुण्याचे, बँकेत आहेत. सरावाला साखीरच्या वाळवंटात गेलो, तर उस्तादांनी पालथे झोपा म्हटल्यावर हे उभेच. "का पण? इथे काटे आहेत. तिकडून जास्त दिसतंय की."

परतल्यावर मी उस्तादांना गाठलं. "त्यांना वारा कळत नाही."

"शिकवीन."

"मला कळतो."

"ठावं हाय मला."

"मग?"

"कड्यावर असताना तुला म्हणलं, पुढं हो, तर?"

"होईन."

"का म्हणून इचारशील?"

मी बुटांतली वाळू झटकायला लागलो.

"ह्यो बाबा इचारतो," उस्ताद म्हणाले. "किसननं इचारलं न्हाई."

विमानतळावर मीच त्या दोघांना सोडलं. जोगळेकरांच्या खांद्यावर दुर्बीण होती. सॅक मी बांधली होती, तरी पट्टा असाच का, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. मी उत्तर दिलं. माझ्या मनातला त्यांचा हेवा गेला नाही.

किसनचाही गेलेला नाही. शिपाई किसन मोरे, तालुका कोरेगाव, वय बावीस. पोस्टवर आरसा एकच होता. त्याच्या दाढीच्या वेळी आरसा मी धरायचो, माझ्या वेळी किसन.