थुंकीतून सापडलेली मावसबहीण

नळीत थुंकून पाठवायचं आणि त्यावरून आपण मूळचे कुठले ते कळतं, असं लेकीने सांगितलं तेव्हा मी तिला वेड्यात काढलं होतं. वाढदिवसाला तिने मला तीच नळी दिली! यथावकाश अहवाल आला. आईकडून लेकीकडे, तिच्याकडून तिच्या लेकीकडे असा जो डीएनएचा धागा न तुटता येतो, त्यात माझी शाखा फार जुनी निघाली. आफ्रिकेतून निघून, समुद्राच्या काठाकाठाने पिढ्यान्‌पिढ्या चालत इथे पोचलेल्या माणसांची. खाली एक ओळ होती: हाच धागा जुळणारी आणखी एक व्यक्ती, मोताळा, जिल्हा बुलडाणा.

अगं बाई! माझं आजोळ रोहिणखेड मोताळा तालुक्यातच. मी निरोप टाकला, वंदनाताई नावाच्या बाईंचं उत्तर आलं, "या की." म्हटलं, जाऊ या. ताईंना भेटू आणि मग मामाला सांगू, तुझी एक नवी बहीण सापडली म्हणून.

पुण्याहून रेल्वेने मलकापूरला उतरायचं. स्टेशनबाहेर चहा झकास मिळतो, पण गोड फार. पुढे एसटीने मोताळा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बसायला जागा मिळेलच असं नाही. कापसाने फुगलेल्या टेम्पोमागे अडकायची तयारी ठेवा. फेब्रुवारी होता, पण ऊन चांगलंच तापलं होतं.

वंदनाताई शाळेत शिकवतात. दारातच म्हणाल्या, "ये व माय. उन्हाची आली, आंधी पानी पे." पाणी पिताना भिंतीवरचं बुद्धाचं चित्र दिसलं. क्षणभर घोट अडकला. मग मनात आलं, वा, ब्लॉगला हे छान होईल! आता लिहिताना दोन्हींची लाज वाटते आहे, पण आलं होतं मनात.

जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकर, ठेचा. मी हावरटासारखी जेवले. ताई भाकर वाढत म्हणाल्या, "म्हंजे कोन्या जमान्यात एकच माय, अन् तिच्या दोन लेकी. एकीची तू, एकीची मी. मंग मावसबहिनीच झालो ना व आपन?" मधे किती हजार वर्षं गेली असतील, हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी त्यांचा हात धरून नुसती हसले.

तिथून जीपने रोहिणखेड. गावातली जुनी मशीद जरूर बघा, आत बऱ्यापैकी गारवा असतो. ती बघून मामाकडे गेले. मामा ओसरीवरच बसला होता.

"जेवन कुठी केलं व?" त्याने पहिलंच विचारलं.

"मलकापूरला, हॉटेलात."

कोणी माझा गळा धरला नव्हता. मामा काय म्हणाला असता, हेही मला ठाऊक नाही. लहानपणी याच ओसरीखाली काही माणसांसाठी वेगळा कप पालथा ठेवलेला बघितला होता, तेवढं मला पुरलं.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. वंदनाताई! माझा प्रवासाचा डबा त्यांच्याकडे राहिला होता, आणि मामाचं नाव मी जेवताना त्यांना सांगितलं होतं. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून त्यात शेंगदाण्याचे लाडू भरून एवढ्या उन्हाच्या आल्या होत्या.

"ह्या कोन व?" मामीने मला विचारलं.

"या... बसमध्ये भेटल्या."

ताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग मामीला म्हणाल्या, "हाव, बसमधीच. डबा इसरल्या होत्या, तो द्याले आली." डबा माझ्या हातात दिला आणि स्कूटर वळवली.

मामीने चहाबरोबर लाडू काढले. मामाने दोन खाल्ले. "कोनं केले व? लय भारी!"

"पुण्याहून आणलेत," मी म्हणाले.

हा धागा लेकालाही मिळतो, तो फक्त पुढे देत नाही; म्हणजे आजीचा धागा मामाच्याही अंगात आहे. वंदनाताई जेवढी माझी, तेवढीच त्याची. हेच सांगायला एवढा प्रवास केला होता ना मी? सकाळच्या एसटीने गुपचूप निघाले.

पुण्यात आल्यावर उरलेला लाडू आईला दिला. "कुठला गं?" तिने विचारलं.

"मावसबहिणीने दिला."

"मला कुठे बहीण आहे?"

मग मात्र सगळं सांगितलं. चित्र, भरीत, हॉटेल, बस, सगळं. मला वाटलं, आता आई लाडू खाली ठेवेल. तिने तो शांतपणे संपवला, बोटं पुसली. लग्न होऊन इथे आल्यापासून पुण्याचीच भाषा बोलणारी माझी आई, एकदम गावच्या बोलीत म्हणाली,

"उन्हाची दारात आली होती बाई. पानी तरी इचारलं का तिले?"

नव्हतं विचारलं.