खंडेनवमीचं कुंकू आणि फुटलेला पेपर

खंडेनवमी जवळ आली की सत्तरच्या दशकातलं सोलापूरचं ते प्रकरण हमखास डोळ्यांसमोर उभं राहतं. त्यात ना खून होता, ना दरोडा. पण एका साध्या कारकुनाची नोकरी आणि अब्रू दोन्ही टांगणीला लागली होती.

मी तेव्हा शहरात फौजदार होतो. दसरा नुकताच झाला होता. सकाळची हजेरी आटोपते तोच आमच्या खबऱ्याने सायक्लोस्टाईल केलेला एक कागद टेबलावर ठेवला. "सायेब, सात रस्ता चौकात चहाच्या गाड्यावर पोरं हे पाठ करायलीत." तो एका संस्थेच्या कारकून भरतीचा गणिताचा पेपर होता आणि परीक्षा अजून व्हायची होती!

संस्थेत गेलो तर चिटणीसांनी चोर आधीच ठरवून ठेवलेला. पेपरची स्टेन्सिल, म्हणजे छपाईचा मेणकागद, कापणारा कारकून जवळच्या मंद्रूप गावचा, आणि त्याच्या बायकोचा भाऊ उमेदवार. झालं! त्याला बडतर्फ करायची तयारी चालली होती. मी त्याला ठाण्यात आणून समोर बसवलं.

"मेव्हण्याला पेपर दिलास?"

"न्हाई सायेब. बायको लई मागं लागली होती, भावाला जरा सांगा की म्हणून. तिलाबी न्हाई म्हटलं. तवापास्नं ती बोलंना, अन् हितं तुमी चोर म्हणताय." त्याचे डोळे भरून आले. मला त्याची दया आली. पण दयेवर पंचनामा होत नाही.

मूळ पेपर दोन पानी होता आणि फुटलं होतं फक्त दुसरं पान. हा चोरी करेल तर अर्धीच का करेल? शिवाय फुटलेल्या कागदाच्या कडेला शाईत लालसर डाग होता. बोटावर घासून पाहिला. कुंकू!

मी संस्थेच्या शिपायाला बोलावलं. पेपर छापून झाले, स्टेन्सिल जाळल्या, दुसऱ्या दिवशी खंडेनवमीला सायक्लोस्टाईल मशिनची पूजा झाली, असं त्याने सांगितलं.

"पण शेवटची स्टेन्सिल मशिनवरनं काढली कुणी?"

"मला वाटलं, क्लार्कसायबांनी काढली असंल. सकाळी म्या हार घातला, कुंकू लावलं. पूजेला बसलेल्या मशिनला हात लावत न्हाईत की! दसऱ्यानंतर गिऱ्हाईक आलं, तसंच उचलून दिलं."

नवं मशिन आल्यामुळे जुनं विकलं होतं. ते घेणाऱ्या टायपिंग क्लासवाल्याकडे आम्ही थडकलो. मशिनच्या सांदीत कुंकू तसंच होतं. थोडा दरडावला तर गडी लगेच बोलला. पहिल्यांदा दांडा फिरवला तर आत राहिलेल्या स्टेन्सिलवरून पेपरचं पानच छापून बाहेर आलं, मोह आवरला नाही, 'महत्त्वाचे प्रश्न' म्हणून विकला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

वापरातून गेलेली वस्तू रिकामी झाली असं आपण धरून चालतो. ती दाराबाहेर काढण्यापूर्वी आतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, एवढं त्या प्रकरणाने मला शिकवलं. ठाण्यातली जुनी कपाटं, टाईपरायटर मी पुढे स्वतः तपासल्याशिवाय लिलावात जाऊ दिले नाहीत.

कारकून कामावर राहिला. चिटणीसांनी नवा पेपरही त्याच्याच हाती सोपवला. परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन ठाण्यात हजर!

"काय रे, मेव्हणा पास झाला वाटतं?"

"न्हाई सायेब," तो खुशीत म्हणाला, "सपशेल नापास! आता कोण काय म्हणतंय बगू. घ्या, तोंड गोड करा."